तोफबाईंचे वाचक

रंगाच्या कारखान्यात, पॅकिंगच्या हॉलमध्ये, तिला सगळे तोफ म्हणायचे. तोंडावर तोफबाई आणि पाठीमागे नुसतं तोफ. एकदा मुकादमाने बायकांच्या जेवणाच्या सुट्टीतला वेळ कापला, तेव्हा ती भर हॉलमध्ये त्याच्यावर अशी धडाडली की तो पुढे कितीतरी दिवस मागच्या दाराने ये-जा करत होता.

मग बॉयलर फुटला. तिचा नवरा त्याच बॉयलरवर कामाला होता. कंपनीने सांगितलं, चूक त्याचीच. वाफ सोडायची झडप त्याने वेळेवर उघडली नाही. ती झडप अडकते आहे, असं तो घरी रोज जेवताना सांगायचा. वरच्यांना सांगून सांगून त्याच्या जिभेला फोड यायचे बाकी होते. पण मेलेल्या माणसाला कोण विचारतंय? लेक मोठा झाल्यावर बापाच्या जागी त्याला नोकरी देऊ, एवढं कंपनीने कबूल केलं आणि प्रकरण मिटवलं. तोफबाईंनी कारखाना सोडला आणि तोंडाला कुलूप लावलं. लेकाचं भलं व्हायचं होतं ना.

लेकाचं भलं झालंही. त्याच कारखान्यात लागला, सुपरवायझर झाला, लग्न झालं, सून घरात आली. आणि मग, आता काही राखायचं उरलं नाही असं वाटल्यामुळे म्हणा की वय झाल्यामुळे म्हणा, तोफबाईंचं कुलूप आपोआप निघालं. वाण्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, बस थांब्यावर, जो भेटेल त्याला ती झडपेची गोष्ट सांगू लागली. लोक आधी हळहळले, मग कंटाळले, मग तिला पाहून रस्ता ओलांडायला लागले.

एका रविवारी लेक कुठूनसा जुना लॅपटॉप घेऊन आला. खिडकीपाशी टेबल मांडलं, वायरी जोडल्या, तासन्‌तास काहीतरी बसवत राहिला आणि म्हणाला, "आई, बस थांब्यावर सांगून काय होणार? इथे लिही. याला ब्लॉग म्हणतात. सगळं जग वाचेल."

"सगळं जग?"

"सगळं."

तोफबाईंना एका बोटाने टाइप करायला शिकायला पावसाळा गेला. पण एकदा बोट चालायला लागल्यावर ते थांबेना. तिने सगळं लिहिलं. नवरा अंगाला वाफेचा वास घेऊन घरी यायचा ते लिहिलं, झडपेचं लिहिलं, साहेब लोकांनी ते कसं हसण्यावारी नेलं ते लिहिलं. आणि काय आश्चर्य, खाली प्रतिक्रिया यायला लागल्या! एकाने आपलं नाव 'दूरचा वाचक' असं दिलं होतं. तो म्हणायचा, तुमचं लिहिणं मनाला भिडतं, लिहीत राहा. दुसरा होता 'जुना कामगार'. तो कमी बोलायचा, पण प्रश्न विचारायचा. त्या दिवशी पाळी कोणाची होती? तुमच्या यजमानांनी झडपेबद्दल कोणाला सांगितलं होतं? आणि एकदा त्याने विचारलं, त्या सकाळी घरातून निघताना ते काय बोलले?

त्या प्रश्नावर तोफबाई दोन दिवस अडून बसली. मग तिने उत्तर लिहिलं. जे कोणालाही कधी सांगितलं नव्हतं, ते त्या अनोळखी माणसाला सांगितलं. त्या सकाळी नवरा म्हणाला होता, आज कामावर जाऊ नये असं वाटतंय, झडपेचं काही खरं नाही. आणि ती म्हणाली होती, "घरी बसून काय माश्या मारणार? जा." तो गेला. तिने मान वर करूनही पाहिलं नव्हतं.

लिहून झाल्यावर ती न्हाणीघरात जाऊन रडली. जुन्या कामगाराने खाली एवढंच लिहिलं होतं, "तुमची चूक नव्हती." त्या चार-दोन शब्दांवर तिने पुढचे कित्येक महिने काढले.

एका बाबतीत मात्र बिनसलं. दुसऱ्या गावी राहणाऱ्या धाकट्या बहिणीला तिने मोठ्या मानाने ब्लॉगचा पत्ता कळवला होता. बहीण म्हणाली, "अगं, काहीच उघडत नाही." दोनदा म्हणाली, तीनदा म्हणाली. तोफबाईंना वाटलं, जळते मेली. लहानपणापासून असंच. त्या दिवसापासून दोघींचा अबोला.

सार्वजनिक वाचनालयाच्या जिन्यात एक कागद चिकटवलेला होता: नवशिक्यांनो, आपल्या कॉम्प्युटरवर ब्लॉगचं सॉफ्टवेअर स्वतः बसवायला शिका. तोफबाईंना नवऱ्याचा फोटो पानाच्या वर बसवायचा होता आणि तो काही केल्या सरळ बसत नव्हता. लेकाला विचारलं की तो म्हणायचा, बघू, बघू. तेव्हा ती गेली.

वरच्या मजल्यावर भिंतीला लागून कॉम्प्युटर मांडलेले. शिकवणारी बाई तिशीतली, केस वर गुंडाळून त्यात पेन खोचलेलं. समोर सात-आठ जण. तोफबाईंच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमनकाका बसले होते. त्यांना गावोगावच्या पत्त्यांच्या गमती लिहायच्या होत्या.

"आधी कोणी ब्लॉग लिहिलाय?" बाईंनी विचारलं.

तोफबाईंनी हात वर केला. "वर्ष होऊन गेलं. वाचकही आहेत."

सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. तिला बरं वाटलं. खोटं का बोला?

बाईंनी एकेक पायरी सांगितली. हे उतरवून घ्या, इथे टिचकी मारा, आता थांबा, घाबरू नका, लाल अक्षरं आली म्हणून कोणी मरत नाही. पोस्टमनकाकांनी चुकून काहीतरी दोनदा बसवलं, ते काढून परत बसवावं लागलं. शेवटी बाई म्हणाल्या, "झालं. आता तुमचा ब्लॉग बघायला वरच्या पट्टीत हा पत्ता टाका." आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'लोकलहोस्ट'.

तोफबाईंनी फळ्याकडे पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"अहो बाई, हा माझा पत्ता आहे."

"हो काकू, तुमचाच."

"तसं नव्हे. माझा म्हणजे माझा! माझ्या ब्लॉगचा. तुम्हाला कुठून मिळाला?" तिने पोस्टमनकाकांच्या पडद्याकडे पाहिलं. वर तिचा पत्ता आणि खाली कोरं पान. पलीकडच्या मुलीच्या पडद्यावर तेच. मागे तेच. तिच्या स्वतःच्या समोरही तेच, तिचा पत्ता आणि खाली पांढरंफटक पान. "माझं लिहिलेलं कुठे गेलं? पुसलंत तुम्ही! वर्षभराचं लिहिलेलं माझं, कोणाच्या बापाचा माल आहे का तो?" ती उठून उभी राहिली तेव्हा खुर्ची मागे पडली. कितीतरी वर्षांनी तोफ धडाडली आणि अख्खं वाचनालय खालून वर बघायला लागलं.

बाई घाबरल्या नाहीत. त्यांनी येऊन खुर्ची उचलली. "काकू, बसा. तुमचं लिहिलेलं कुठेही गेलेलं नाही, तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर आहे. लोकलहोस्ट म्हणजे कॉम्प्युटरने स्वतःलाच मारलेली हाक. ज्या कॉम्प्युटरवर हा पत्ता टाकाल, तो स्वतःच्याच पोटात बघतो. बाहेर जात नाही. नवीन माणसाला न भिता सराव करता यावा म्हणून आपण आधी असं बसवतो. नंतर हवं तर बाहेर न्यायचं."

"म्हणजे?"

पोस्टमनकाकांना राहवलं नाही. "म्हणजे पाकिटावर गाव नाही, गल्ली नाही, नुसतं 'घरी' लिहिलंय. असलं पत्र जागचं हलत नाही हो."

दोघं-तिघं हसले. तोफबाई हसली नाही.

"म्हणजे माझ्या घराबाहेर कोणी वाचू शकत नाही?"

"असं बसवलेलं असेल तर नाही."

"मग प्रतिक्रिया? माझे वाचक आहेत. मला लिहितात."

बाईंनी केसातलं पेन काढलं, पुन्हा खोचलं. "काकू," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या कॉम्प्युटरसमोर आणखी कोण बसतं?"

घराकडे जाताना तोफबाई सिग्नल न बघता रस्ता ओलांडून गेली. एका टेम्पोवाल्याने शिवी हासडली, तिने ती दुपटीने परत केली. डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसत होती. प्रतिक्रिया यायच्या त्या ती बाजारात, नाहीतर दवाखान्यात गेलेली असताना. परत आली की खुर्ची खाली केलेली असायची, उंच माणसाने करावी तशी. आणि तिला वाटायचं, खुर्ची जुनी झाली, आपोआप खाली जाते! कपाळ तिचं.

सून भाजी चिरत होती. सासूचा चेहरा पाहून तिने सुरी खाली ठेवली.

"तुला माहीत होतं?"

सुनेने काय ते विचारलं नाही, त्यातच उत्तर मिळालं. "मी ह्यांना म्हटलं होतं, आई," ती पुटपुटली. "म्हटलं, कळलं तर बरं नाही."

"कळलं तर! केलं तर नव्हे, कळलं तर!"

लेक संध्याकाळी आला, बूट काढले, हात धुऊन ताटावर बसला. तोफबाई त्याच्यासमोर उभी राहिली.

"दूरचा वाचक कोण रे?"

त्याचा घास हातातच राहिला.

"फार दूरचा नाही ना? ह्या भिंतीपलीकडेच झोपतो ना तो?"

"आई, ऐकून घे..."

"वर्षभर मीच सांगतेय, तू ऐकतोयस! ह्या एका बोटाला घट्टा पडला माझ्या. मला वाटलं, जग वाचतंय. बहिणीशी बोलणं टाकलं मी, ती खोटारडी म्हणून. आणि माझं जग म्हणजे कोण? माझ्या खुर्चीत बसलेला माझाच दिवटा!"

"मग काय करायला हवं होतं मी?" त्याने ताट बाजूला सारलं. त्याचाही आवाज चढला. तोफेचाच लेक तो. "तू रस्त्यावर उभी राहून कंपनीला शिव्या घालायचीस आणि दुसऱ्या दिवशी साहेब मला केबिनमध्ये बोलावून विचारायचे, आई बऱ्या आहेत ना? खरंच बाहेर टाकलं असतं तर त्याच दिवशी मला हाकललं असतं. म्हटलं, लिहू दे. मनातलं निघून जाईल, बरं वाटेल तिला."

"निघून जाईल? मी काय गळू आहे? पू निघाला की झाली बरी?"

"तसं नाही..."

"तसंच! म्हातारी बडबडते, तिला खुळखुळा द्या हातात. आणि वर स्वतःच टाळ्या वाजवा. लाज नाही वाटली?"

सून दारात उभी होती. मग तोफबाईंनी ज्या प्रश्नासाठी सगळी संध्याकाळ दात आवळून धरले होते, तो विचारला.

"जुना कामगारही तूच?"

लेकाने मान खाली घातली.

"त्या सकाळचं तू विचारलंस. तू! मी परक्याला सांगितलं ते, परका म्हणून सांगितलं. तुला मरेपर्यंत सांगितलं नसतं."

"तेच ना," तो म्हणाला. "लहानपणापासून कितीदा विचारलं तुला, बाबा जाताना काय म्हणाले. दर वेळी तू भांडी आपटत आत जायचीस. माझाही बाप होता तो."

तिच्या अंगातून काहीतरी सर्रकन गेलं. पण ते कळवळ्याचं होतं की संतापाचं, हे बघत बसायला तिला सवड नव्हती. "म्हणून चोरून घ्यायचं? मुखवटा लावून आईच्या पोटात हात घालायचा? समोर बसून विचारायची छाती नव्हती आणि 'तुमची चूक नव्हती' म्हणून माफी द्यायला मात्र तयार!"

तिने लॅपटॉप उचलला, वायरी गुंडाळल्या आणि सगळं, खुर्चीसकट, आपल्या खोलीत नेऊन दार लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती वाचनालयाचं दार उघडायच्या आधी पायरीवर बसलेली होती. लॅपटॉप मांडीवर.

"पासवर्ड बदलायला शिकवा आधी," ती बाईंना म्हणाली. "बाकीचं नंतर."

बाकीचंही ती शिकली. पोस्टमनकाकांना कंटाळा येऊन ते खाली वर्तमानपत्र वाचायला जायचे, पण ही उठायची नाही. घरच्या कॉम्प्युटरवरचं सगळं बांधून एका फाइलमध्ये कसं घ्यायचं, बाहेर जागा कशी घ्यायची, गाव-गल्लीसकट खरा पत्ता कसा मिळवायचा. बाई मदतीला माऊसकडे हात नेऊ लागल्या की ती तो झटकायची. "तुम्ही तोंडाने सांगा. हाताने मी करते. हाताने दुसऱ्याने केलेलं एकदा भोगलंय."

मध्ये एकदा तिने बहिणीला फोन केला. "तू खरं बोलत होतीस," ती खेकसली, जणू काही तोही बहिणीचाच गुन्हा. "ऐकतेयस ना? परत म्हणणार नाही." पलीकडून बहीण हसत सुटली आणि ही चिडून फोन ठेवून बसली. पण अबोला तेवढा सुटला.

खोट्या वाचकांच्या प्रतिक्रिया तिने पुसल्या. दूरच्या वाचकाचं कौतुक पुसताना तिला शरम वाटली, किती वेळा ते वाचून आपण गालातल्या गालात हसलो होतो! जुन्या कामगाराचा प्रश्नही पुसला. तिचं उत्तर मात्र तिने ठेवलं. त्याला वर आणलं, स्वतंत्र पान केलं आणि मथळा दिला, 'मी त्याला जा म्हटलं'. ते लपवून दुसऱ्यांचं उघडं करणं तिला पटेना.

बाई म्हणाल्या, "काकू, हे बटण दाबलं की कोणीही वाचू शकेल. कंपनीसुद्धा. घरात बोललात का?"

"आज बोलते."

आणि त्या संध्याकाळी ती लेकाला म्हणाली, "उद्या मी हे बाहेर टाकणार आहे. तुझ्यासारखं पाठीमागून नाही, तोंडावर सांगते."

"आई, माझी नोकरी आहे ती!"

"तुझ्या बापाचीही नोकरीच होती."

तो रात्रभर तिच्याशी बोलला नाही आणि पुढेही बोलेनासा झाला. दुसऱ्या दिवशी तिने बटण दाबलं. पंधरवड्यातच साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. काढलं नाही, पण सुपरवायझरचं पद गेलं; गोदामात पाठवलं, पिंपं मोजायला. घरी आला तो न जेवता पडून राहिला. तोफबाई भिंतीपलीकडून त्याने कूस बदललेली ऐकत होती. पश्चात्ताप झाला का? झाला, थोडा. पण रागाने त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. कारखान्याने एकाला मारलं, एकाला गोदामात घातलं आणि अजून मीच का वरमायचं, असं तिला वाटत राहिलं. सून तेवढी दोघांच्यामध्ये चहाचे कप घेऊन फिरायची आणि कोणाच्याच बाजूने बोलायची नाही.

मग पहिली खरी प्रतिक्रिया आली. तोफबाईंनी ती उभ्यानेच वाचली. लिहिणारा कारखान्यातला जुना माणूस असल्याचं सांगत होता आणि भाषेवरून तसाच वाटत होता. त्याने लिहिलं होतं, ही बाई कांगावा करते. हिचा नवरा कामावर पिऊन यायचा. झडप ठणठणीत होती, माणूस शुद्धीवर नव्हता.

नवऱ्याने आयुष्यात थेंबाला स्पर्श केला नव्हता. बॉयलरपाशी उभं राहणारा माणूस पिऊन तासभर टिकेल का, एवढीही अक्कल नाही मेल्याला! ती खुर्चीत बसली, एक बोट उगारलं, आणि शब्द इतके एकदम आले की एकही धड उतरेना.

दार धाडकन उघडलं. लेक होता. हातात फोन. चेहरा पांढरा पडलेला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा तिच्या खोलीत आला होता.

"वाचलंस?" तो म्हणाला. "कोण आहे हा, मला माहीत आहे. ह्याच्या बोलण्याची ढब मी ओळखतो. तेव्हा देखभालीला हाच होता. झडप बदलायचं काम ह्याचंच होतं, आई! बाबा गेल्यावर दोन दिवसांत ह्यानेच सगळ्या बॉयलरच्या झडपा बदलून घेतल्या, जुन्या भंगारात घातल्या. ठणठणीत होत्या तर बदलल्या कशाला?"

तोफबाईंचं बोट हवेतच राहिलं.

"तुला हे कोणी सांगितलं?"

"गोदामातल्या म्हाताऱ्यांनी. म्हणजे..." तो अडखळला. "आधीही कानावर होतं. कामाला लागलो तेव्हापासून."

"तेव्हापासून!" ती उठली. "मी बस थांब्यावर कुत्र्यासारखी भुंकत होते, लोक वेडी म्हणत होते मला आणि तुला तेव्हापासून माहीत होतं?"

सून धावत येऊन दारात थांबली. तोफबाईंना वाटलं, ह्याच्या एक थोबाडीत ठेवून द्यावी. हात उचललाही होता. मग तिने तो हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि खुर्ची त्याच्याकडे ढकलली.

"बस."

"मी?"

"मला काय माहीत होतं ते मी लिहिलंय. तुला काय माहीत आहे ते तू लिही. सगळं. मी इथे मागे उभी राहून वाचते."

तो बसला. त्याने खुर्ची खाली केली. लिहायला लागला तो थांबत, खोडत, पुन्हा लिहीत, आणि त्याच्या मानेवरची शीर ताठ झालेली तिला मागून दिसत होती. कोणत्या झडपा, कोणी बदलल्या, भंगार कुठे गेलं, कोणाकोणाला ठाऊक आहे. मधे एकदा त्याने "बहुतेक" असं लिहिलं, तेव्हा ती म्हणाली, "बहुतेक? नक्की माहीत असेल तेवढंच ठेव. नाहीतर काढ." त्याने ते काढलं.

शेवटी तो नावाच्या चौकटीपाशी येऊन थांबला.

"आता काय टाकणार?" ती म्हणाली. तिचा राग गेला नव्हता. तो इतक्यात जाणारही नव्हता.

त्याने आपलं नाव लिहिलं. मग मधे बापाचं. मग आडनाव. आणि तिच्याकडे वळून न बघता बटण दाबलं.